१९९४ ची स्पॅनिश रेड वाईन गावच्या बळदात सापडलीय, उघडावी का आणि कशी?

पैठणरोड:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला सल्ला देता येणार नाही म्हणून.

आमचं गाव पैठण तालुक्यात. आजोबांच्या हातचं माळवदाचं घर आहे, दोन पावसाळे झाले गळतंय म्हणून यंदा उतरवायला काढलंय. मागच्या रविवारी आतलं सामान हलवताना बळदाच्या, म्हणजे घराच्या पोटातल्या अंधाऱ्या खोलीच्या कोनाड्यात जुन्या घोंगडीत गुंडाळलेली एक लाकडी पेटी निघाली आणि बाबांनी ती बघितली तसे ते उंबऱ्यावर बसूनच राहिले, बराच वेळ बोलले नाहीत.

झालं असं होतं की बाबा वाळूजला एका कंपनीत मेंटेनन्सला होते. २००८ ला तिथं स्पेनहून एक मोठी प्रेस आलती आणि ती बसवायला बिल्बाओकडचे एक इंजिनिअर साहेब अडीच महिने इथं राहिले. थंडीचे दिवस होते, बाबांनी त्यांना एक रविवार गावी हुरड्याला आणलं. आजोबांनी स्वतः आगटीवर कणसं भाजून हातावर चोळून दिली, तिळाची चटणी, गूळ, ताक, सगळं. साहेबांना मराठी येत नव्हतं, आजोबांना इंग्रजी नव्हतं, तरी दोघं दुपारभर एकमेकांशी बोलत होते म्हणतात बाबा. पुढच्या वर्षी साहेब परत आले ते ही पेटी घेऊन, आणि बाबांना नाही तर आजोबांच्या हातात दिली. आजोबा आयुष्यात कधी प्यायले नाहीत. पण म्हणाले, पाहुण्यानं दिलेली वस्तू आहे, तो परत आला की त्याच्यासंगंच फोडू, आणि बळदात ठेवून दिली. साहेब पुन्हा आले नाहीत, कंपनीचं काम संपलं होतं. आजोबा २०१७ ला गेले. आम्ही सगळे विसरलो होतो.

बाटलीवर रिओहा, ग्रान रेसेर्वा, कोसेचा १९९४ असं आहे, खाली हारो गावाचं नाव. वरून बारीक सोनेरी तारेची जाळी आहे. पेटीत ती आडवीच होती. उजेडात धरली तर वाईन मानेच्या खाली आलीय, खांद्याला लागलीय, आणि एका बाजूला आतून काळा थर चिकटलाय.

पुढच्या महिन्यात बाबांना पासष्टी आहे. त्यांची इच्छा आहे की त्या दिवशी गावातच उघडू. घरात कुणाला वाईनमधलं काही कळत नाही, मी एकदोनदा नाशिकची प्यायलोय तेवढंच. तर विचारायचं ते असं, एवढी जुनी वाईन चालते का, तिनं काही अपाय तर होणार नाही ना, उघडायची कशी, आणि तिची चव कशी असायला पाहिजे, म्हणजे चांगली निघाली तर आम्हाला ती चांगली आहे हे कळेल कसं? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

नांदेडकर_८२:

दादा, भावना समजल्या, पण ३० वर्षांपेक्षा जुनी वस्तू पोटात घालायची म्हणजे जरा विचार करा. आमच्या इथल्या उन्हाळ्यात तेल खवट होतं सहा महिन्यांत, ही तर फळाच्या रसाची वस्तू. मी असतो तर बाटली शोकेसमध्ये ठेवली असती. वडिलांच्या तब्येतीपुढं काही नाही.

परभणी_अन्नशास्त्र:

नांदेडकर दादांची काळजी बरोबर आहे, पण अपायाच्या बाबतीत घाबरायचं कारण नाही. मी अन्नशास्त्र शिकवते. वाईनमध्ये साधारण १२-१३ टक्के अल्कोहोल आणि वर भरपूर आम्लता, अशा ठिकाणी माणसाला आजारी पाडणारे जंतू वाढत नाहीत. तेलाचं खवट होणं वेगळं आणि हिचं बिघडणं वेगळं. हिच्यात हवा शिरली तर ॲसिटिक ॲसिड करणारे बॅक्टेरिया वाढून ती व्हिनेगरकडे जाते, किंवा नुसतीच ऑक्सिडाइझ होऊन सपक, कापलेल्या सफरचंदासारखी होते. प्यायला वाईट लागेल, पण विषबाधा वगैरे नाही. बुचाच्या वरच्या बाजूला बुरशी दिसली तर ओल्या फडक्यानं पुसून घ्या, तिचंही काही वाटून घेऊ नका.

तो काळा थर म्हणजे घाण नाही. नव्या रेड वाईनमध्ये रंग देणारे घटक आणि तुरटपणा देणारे टॅनिन वेगवेगळे असतात, वर्षानुवर्षं ते एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि तळाला बसतात. म्हणूनच जुनी वाईन रंगानं फिकी आणि जिभेला मऊ होते. उष्णतेनं ही सगळी क्रिया वेगानं होते, त्यामुळे तुमची बाटली तिच्या स्पेनमधल्या बहिणींपेक्षा जास्त म्हातारी झालेली असणार हे मात्र धरून चाला.

बाबांना बीपी, शुगरची गोळी चालू असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या, ते वाईन जुनी असो की नवी, विचारलंच पाहिजे.

शिपवरचा_माणूस:

दादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी अकरा वर्षं क्रूझ शिपवर वाईन वाढायचं काम केलंय, आता संभाजीनगरला मुकुंदवाडीत असतो. ग्रान रेसेर्वा शेकड्यानं उघडल्यात पण बळदातली एकही नाही.

आधी तुमच्याकडं काय आहे ते सांगतो. रिओहा हा उत्तर स्पेनमधला एब्रो नदीच्या काठचा भाग, लेबलवर हारो लिहिलंय त्याला तिकडं आरो म्हणतात, एच उच्चारत नाहीत. कोसेचा म्हणजे द्राक्ष काढणीचं साल. द्राक्ष मुख्यतः तेम्प्रानियो, जोडीला थोडी गार्नाचा, ग्रासियानो, मासुएलो. आणि ग्रान रेसेर्वा हे नाव कुणालाही लावता येत नाही, रिओहाच्या नियमानं ती वाईन विकायला काढायच्या आधी निदान ५ वर्षं मुरवावी लागते, त्यातली कमीत कमी २ वर्षं ओकच्या पिंपात. तिच्या खालच्या दर्जांना कमी, रेसेर्वाला ३ वर्षं, क्रियान्साला २. बाटलीच्या मागं नंबर घातलेलं छोटं निळं लेबल असेल बघा, ग्रान रेसेर्वाला निळंच असतं. आणि १९९४ हे साल रिओहानं अधिकृतपणे सगळ्यात वरच्या दर्जात, एक्सेलेंते म्हणून नोंदवलेलं आहे. साहेबांनी तुमच्या आजोबांना दुकानातली पहिली दिसेल ती बाटली आणलेली नाही एवढं नक्की.

ही पिंपाची पद्धत तिथं फ्रान्सहून आली. १९ व्या शतकात बोर्डोच्या द्राक्षमळ्यांवर फायलोक्सेरा नावाचा मुळं खाणारा किडा पडला, तिकडचे व्यापारी वाईन शोधत रिओहात उतरले, आरोच्या रेल्वे स्टेशनजवळ बोदेगा, म्हणजे वाईन करणाऱ्यांच्या वखारी, उभ्या राहिल्या त्या अजून तिथंच आहेत. लोपेझ दे एरेदिया १८७७ ची, ला रिओहा आल्ता १८९० ची. पिंप २२५ लिटरचं, पण लाकूड त्यांनी अमेरिकेतून आणलेलं ओक वापरलं आणि तीच जुन्या रिओहाची ओळख झाली. तारेची जाळीसुद्धा त्याच काळातली, कुणी बाटली उघडून आत हलकी वाईन भरून विकू नये म्हणून घालायचे, आता नुसती शोभेला.

पातळी खांद्याच्या वरच्या भागात असेल तर या वयाला ठीक आहे. मधोमध किंवा खाली असेल तर आशा कमी ठेवा. बूच बाटलीच्या तोंडाच्या वर उचललेलं किंवा बाजूनं चिकट ओघळ आलेला असेल तर उष्णतेनं आतली वाईन फुगून बाहेर आलेली असते. ते नसेल तर पुढं वाचा.

बाटली तीन दिवस आधी उभी करून ठेवा, गावातच ठेवा, शेवटच्या दिवशी गाडीतून हलवत नेऊ नका, नाहीतर सगळा गाळ वर येतो. थंड किती करायची तर १६ ते १८ डिग्री. पुस्तकात रूम टेंपरेचर लिहितात ते आपल्या रूमचं नाही, मे महिन्यात आपली खोली ३५ असते, त्यात वाईन नुसती दारूसारखी लागेल. फ्रीजमध्ये उभीच ठेवा, तेवढी गार झाली की काढा.

बूच हा खरा नाजूक मामला आहे. ३० वर्षांचं बूच साध्या कॉर्कस्क्रूनं हमखास तुटतं. दोन पातळ पात्यांचा एक ओपनर येतो, आ-सो म्हणतात त्याला, पाती बुचाच्या दोन बाजूंनी डोलवत डोलवत आत सरकवायची आणि मग पिळत वर घ्यायचं. माझ्याकडं आहे, या घेऊन जा. उघडल्यावर काचेच्या जगमध्ये एका दमात, न थांबता, अगदी हळू ओतायची. मानेखाली मोबाईलचा टॉर्च धरा. आधी स्वच्छ लाल उजेड दिसेल, मग धुरासारखी एक रेघ मानेकडं येताना दिसेल, ती दिसली की थांबा. तळाचं अर्धी वाटी सोडून द्यायचं.

आणि लगेच प्यायची. नव्या वाईनला दोन दोन तास हवेत ठेवतात ते हिच्यासाठी नाही, हिच्याकडं तेवढा वेळ नाही. पहिला वास कोंदट आला तरी फेकू नका, दहा मिनिटं द्या, बाटलीतला कोंडलेला वास उडून जातो. ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या वर्तमानपत्राचा वास असेल आणि तो वाढतच गेला तर मात्र बुचाचा दोष, त्याला इलाज नाही.

चव कशी असावी या प्रश्नाचं उत्तर देतो. आधी नाशिककडची एक नवी तेम्प्रानियो आणा, तिथंही हे द्राक्ष लागलंय, आणि तुमच्या बाटलीच्या दोन दिवस आधी घरात सगळ्यांनी दोन दोन घोट घ्या. जांभळा रंग, जांभूळ-करवंदासारखा वास, दाताला तुरट. हे लक्षात ठेवा. मग जुनीत यातलं काहीच शोधू नका. लोकं जुन्या वाईनमध्ये ताजं फळ शोधतात आणि मिळालं नाही की मेली म्हणतात. लोणचं मुरल्यावर कैरी कच्ची लागावी असं आपण म्हणतो का? मुरलेलीत बघायचं ते सुकलेलं फळ, लाकूड, चामडं, तंबाखू, चहाची पत्ती, आणि अमेरिकन ओकमुळं सुकं खोबरं आणि शेपू. हो, शेपूची भाजी, पहिल्यांदा मला कुणी सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं, आता डोळे झाकून ओळखतो. आणि शेवटी आंबटपणा, तो शिल्लक असेल तर ती जिवंत आहे. घोट गिळल्यावर तोंडात किती वेळ राहतेय ते मोजा, तिथं कळेल.

कडवंची_शिवार:

रामराम. मी जालन्याचा, द्राक्षवाला. वाईन पीत नाही मी, पण द्राक्षाचं कळतं म्हणून लिहायलोय.

आमच्याकडं थॉम्पसन, सोनाका अशी बिनबियाची खायची द्राक्षं, पातळ सालीची, मोठा मणी. वाईनचं द्राक्ष बारीक मण्याचं, जाड सालीचं, आत बी असलेलं. रंग अन् तुरटपणा सगळा साल अन् बीमधून येतो, म्हणून मणी जेवढा बारीक तेवढं रसाला साल जास्त. तेम्प्रानो म्हणजे त्यांच्या भाषेत लवकर, लवकर पिकतं म्हणून तेम्प्रानियो. अन् त्यांच्याकडं वेल हिवाळ्यात झोपतो, पानं झडतात, वर्षात एकदाच छाटणी अन् सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. आपल्याकडं वेल झोपतच नाही म्हणून दोनदा छाटावा लागतो, एप्रिलात खरड छाटणी अन् ऑक्टोबरात फळछाटणी. जुने रिओहाचे मळे तर मांडवाशिवायच, कंबरेएवढं झुडूप, तारा नाहीत काही नाहीत. शिपवाल्या भाऊंनी तो मुळाचा किडा सांगितला, त्याच्यावर पुढं तोड निघाली ती अशी की खाली अमेरिकन जातीची मुळी अन् वर आपलं द्राक्ष कलम. आपण डॉगरिज नावाच्या मुळीवर कलम करतोत ना, तेच, फक्त आपण पाण्याच्या ताणासाठी अन् खारट पाण्यासाठी करतोत.

उष्णतेचं म्हणाल तर बेदाण्यावरून सांगतो. हिरवा बेदाणा कोल्ड स्टोरेजला नाही ठेवला तर एका उन्हाळ्यात तांबडा पडतो. तुमची बाटली पत्र्याच्या घरात असती तर मी म्हणलो असतो नाद सोडा. पण माळवद हाय, अडीच-तीन फुटाची मातीची भिंत, त्यात बळद म्हणजे घराच्या पोटातली खोली, अंधार, मे महिन्यात हात लावला तरी भिंत गार लागती. आमच्या आजीनं दहा दहा वर्षांची चिंच अन् जुना गूळ तसल्याच खोलीत ठेवलेला मी बघितलाय. मला आशा वाटायली.

अजून एक. तिकडं द्राक्षाच्या छाटणीच्या वाळल्या काड्या पेटवून त्याच्या निखाऱ्यावर कोकराच्या चापा भाजतात अन् त्याच्यासंगं ही वाईन पितात असं एका अभ्यासदौऱ्याहून आलेल्या सोबत्यानं सांगितलं होतं. माझ्या बांधावर काड्यांचा ढीग हाय. यंदाच्या एप्रिलच्या नका घेऊ, त्यावर फवारणीचं औषध राहिलेलं असतं. मागच्या वर्षीच्या देतो, एक पावसाळा धुऊन निघाल्यात, हलक्या झाल्यात, काडी लावली की पेटतात. गाडी घेऊन या.

शिपवरचा_माणूस:

कडवंचीवाले भाऊ, अगदी बरोबर, चुलेतियास अल सार्मिएन्तो म्हणतात त्याला. मीठ सोडून काही लावत नाहीत. पैठणरोड दादा, हे जमवाच. आणि त्या दिवशी येसर, काळा मसाला, ठेचा यांना सुट्टी द्या, निदान वाईन संपेपर्यंत. मिरचीपुढं ती बाई बोलणारच नाही.

तगर_ते_तेर:

मी धाराशिवकडच्या तेरचा. पैठणच्या पोराच्या हातात परदेशी वाईन आली हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीच्या टिपणांत पैठण आणि तगर ही दोन्ही नावं आलीत, गुजरातेतल्या भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, इथला माल गाड्यांतून भडोच बंदराला जायचा असं लिहिलंय. आणि भडोचला जहाजांतून काय उतरायचं त्या यादीत वाईन आहे, त्यातही इटलीची जास्त पसंत. म्हणजे तुमच्या गावच्या वाटेनं समुद्रापलीकडच्या द्राक्षाचं नाव दोन हजार वर्षांपासून जातंय. आजोबांना पेटी मिळाली त्यात मला तरी काही नवल वाटलं नाही. कशी निघाली ते जरूर कळवा.

पैठणरोड:

मंडळी, झाली पासष्टी. सगळ्यांनी एवढ्या आपुलकीनं लिहिलंत की सविस्तर सांगणं माझं कामच आहे.

डॉक्टरांना विचारलं, एक ग्लास चालेल म्हणाले. जालन्याहून काड्यांची मोळी आणली, कडवंचीवाल्या भाऊंनी पैसे तर घेतले नाहीतच, वर बेदाण्याची पिशवी दिली. ओपनर मुकुंदवाडीहून आणला. मागचं निळं लेबल होतं. बूच वर आलेलं नव्हतं. नाशिकची तेम्प्रानियो शुक्रवारी प्यायलो, तो सल्ला फार कामाला आला, कारण तुलना करायला काहीतरी तोंडात होतं.

अंगणात चूल मांडली. घर अर्धं उतरवलेलं आहे, माळवदाची पांढरी माती एका बाजूला ढीग करून ठेवलीय, सागवानी खांब उभे आहेत अजून. बूच काढताना माझा हात थरथरत होता म्हणून बाबा म्हणाले आण इकडं. चाळीस वर्षं बेअरिंग काढलेला माणूस. त्यांनी पाती अशी सरकवली की बघत राहावं, एकदा या बाजूनं केसभर, एकदा त्या बाजूनं. बूच अखंड आलं, फक्त खालचं टोक जरा चुरलं. खालून अर्ध्यापर्यंत काळं, भिजून मऊ, वरचा अर्धा कोरडा. मग टॉर्च लावून मी ओतली. ती धुराची रेघ खरंच दिसते हो. एकदम नाही, आधी वाटतं डोळ्याला भास झाला, मग ती मानेच्या वळणावर येऊन थबकते.

रंग बघून आई म्हणाली हे तर काताचं पाणी. तसाच होता. मध्ये विटकरी, कडेला नारिंगी, जवळजवळ पिवळा. शुक्रवारच्या जांभळ्या वाईनशेजारी ठेवला असता तर एकाच द्राक्षाच्या दोन वस्तू आहेत हे कुणी मानलं नसतं.

पहिला वास कोंदट आला, पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचा. बहिणीनं नाक मुरडलं. मी म्हणलं थांबा, दहा मिनिटं. तोपर्यंत चापा निखाऱ्यावर टाकल्या, काड्या कापरासारख्या पेटल्या आणि तेवढ्याच लवकर निखारे झाले, धूर गोडसर होता. दहा मिनिटांनी परत ग्लास नाकाशी नेला आणि कोंदटपणा गेलेला. त्याजागी खारीक. मग सुकं खोबरं, अगदी किसून तव्यावर परतायला घेतल्यावर येतो तो वास. शेपू मला सापडला नाही, आईला सापडला, कुणी न सांगता, मी तिला मुद्दाम काही बोललो नव्हतो. ती म्हणाली शेपू निवडून झाल्यावर बोटांना राहतो तसा.

चव. पहिल्यांदा पातळ वाटली, मला जरा धस्स झालं. पण जिभेच्या दोन्ही कडांना आंबटपणा आला, स्वच्छ, जुन्या चिंचेचा असतो तसा, ज्यात गोडी मिसळलेली असते पण गोड म्हणता येत नाही. तुरटपणा नावालासुद्धा नाही. गिळल्यावर वाटलं संपलं, आणि मग तंबाखू आणि लाकडाचा वास तोंडातून परत वर आला. शिपवाले काका, तुम्ही सांगितलं म्हणून मी मनात मोजलं, वीसपर्यंत गेलो तरी होता. वास म्हणजे नेमका कसला ते मला शब्दात येत नव्हतं, बाबांनी सांगितलं. ग्लास नाकापाशी धरून ते म्हणाले, नानांची चंची. आजोबांच्या कमरेची पानतंबाखूची चंची, चामड्याची, आतून चुन्याचे डाग पडलेली. मला ती अंधुक आठवते. बाबांना सगळी आठवत होती, तिची दोरी, तिचे कप्पे, आणि हुरड्याच्या दिवशी आजोबांनी ती उघडून स्पेनच्या साहेबांपुढं धरली होती आणि साहेबांनी सुपारीचं खांड उचललं होतं हेसुद्धा. पंधरा-सोळा वर्षांत ही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती.

चापेचा घास आणि वर एक घोट, ते मला जन्मभर आठवेल. नुसत्या मिठाचं मटण आमच्या घरात कुणी खाल्लं नव्हतं, पण धूर आणि ती वाईन एकाच घरातली वाटत होती.

साधारण चाळीस मिनिटं ती उत्तम होती. मग एकेक गोष्ट कमी होत गेली, आधी खोबरं गेलं, मग खारीक, तास होता होता लाकूड आणि आंबटपणा राहिला. परभणीच्या ताईंनी म्हणलेलं सफरचंद शेवटी शेवटी खरंच आलं, थोडंसं. उष्णतेनं तिचं काही वय खाल्लंय यात शंका नाही, स्पेनच्या तळघरात राहिली असती तर ती अजून बोलली असती. पण मेलेली नव्हती, हे मी खात्रीनं सांगतो. नांदेडकर दादा, पाचही जण ठणठणीत आहोत.

तळाचं अर्धी वाटी तसंच बाटलीत ठेवलंय, काळा गाळ भिंतीवरून सरकतो तो बाबा संध्याकाळी उजेडात धरून बघत होते. साहेबांचं जुनं व्हिजिटिंग कार्ड बाबांच्या डायरीत निघालं, त्यावरच्या पत्त्यावर ईमेल केला होता, तो परत आला. आता कंपनीतल्या जुन्या माणसांकडून चौकशी चालूय, कळलं तर बुचाचा फोटो पाठवणार आहोत.

शिपवाले काका, ओपनर गुरुवारी मुकुंदवाडीला आणून देतो, बाबाही येतायत सोबत, त्यांना तुम्हाला भेटायचंय. घरची तूरडाळ आणतोय पाच किलो, नाही म्हणू नका.

शिपवरचा_माणूस:

गुरुवारी दुपारनंतर या, सकाळी मी बाहेर आहे. बूच घेऊन या, मला बघायचंय. वीसपर्यंत मोजलंत ते वाचून फार बरं वाटलं.